घरात शिरलेले पाय

आमच्या घरात कुणी शिंकलं तर "सर्दी झाली का?" असं कुणी विचारत नाही. बाबा विचारतो, "आत्ताच का शिंकलीस?" बाबा विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांच्या जळलेल्या दुकानांत आणि पाणी शिरलेल्या गोदामांत फिरून "हे खरंच असंच झालं का?" असं विचारण्याचा त्याला पगार मिळतो, आणि घरी तो हेच काम फुकट करतो. आई शाळेत गणित शिकवते, पण तिची खरी ख्याती परीक्षेच्या वर्गातली. ती पाठमोरी उभी असली तरी मुलं मान वळवत नाहीत. पाठमोरी असली की मग तर मुळीच नाही. अशा दोघांच्या पोटी भोळी मुलगी निपजली असती, तर मला खात्री आहे, दोघांनी इस्पितळावरच संशय घेतला असता.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी, सगळे बेसावध असताना, जुळी झाली. भाऊ तो आग आणि बहीण ती बंब. आग कुठेही भडकतो, आणि त्याच्यामागून बंब बोंबलत येते आणि समोर जे असेल त्यावर पाणी ओतते. हे मी अलंकारिक लिहीत नाहीये. घरातल्या प्रत्येकाला काहीतरी छंद असतो. बाबाला जुन्या वस्तू टाकून न देण्याचा आहे, आईला गॅलरीतल्या झाडांशी बोलण्याचा आहे, आणि या दोघांना वस्तू पाण्यात टाकून त्या बुडतात का ते बघण्याचा आहे. बहुतेक बुडतात.

माझा छंद पोहणे. हे वाक्य इतक्या ठसक्यात मी अलीकडेच लिहू लागले आहे. मागच्या वर्षीपर्यंत मी तरणतलावाचा कठडा धरून उभी राहणाऱ्यांपैकी होते. शिक्षिका म्हणायच्या, "कठडा पडणार नाही, सोड तू त्याला." या वर्षी एका दुपारी हात सुटला आणि मी बुडले नाही. याचं मला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की त्या नवलातच मी पलीकडच्या टोकाला पोचले. तेव्हापासून मी वर्गात हात वर करते, बसमध्ये खिडकीची जागा मागून घेते, आणि केस कसे कापायचे ते कापणाऱ्या ताईला मीच सांगते. आधी तीच ठरवायची आणि मी घरी येऊन रडायचे.

फक्त बाबाने मला पोहताना अजून पाहिलं नव्हतं. एकदा आला होता, पण सगळा वेळ तलावाच्या एका तडकलेल्या फरशीपाशी उकिडवा बसून "हिच्यावरून कुणी घसरलं तर दावा पक्का" असं पुटपुटत राहिला. मी बाहेर आल्यावर म्हणाला, "छान पोहतेस म्हणे." म्हणे! मी पोहते हा माझा दावा होता, आणि बाबाच्या खात्यात डोळ्यांनी बघितल्याशिवाय दावा मंजूर होत नाही.

म्हणून सुट्टीत तलावाकाठच्या अतिथीगृहात जायचं ठरलं तेव्हा मी आधीच बोलून घेतलं. तिथे तलावात बऱ्यापैकी आत एक लाकडी तराफा साखळीने बांधलेला आहे.

"मी काठापासून तराफ्यापर्यंत पोहत जाणार," मी म्हणाले. "तू काठावर उभा राहून बघायचंस. अथपासून इतिपर्यंत. पापणी न लववता."

"पापणी लवणं ही शरीराची गरज आहे," बाबा म्हणाला. "बाकी कबूल."

इतकं साधं होतं सगळं. मग बाबाला घराची काळजी वाटायला लागली.

घर बंद ठेवून जाणाऱ्या माणसाला सल्ला देणं हे आमच्या इमारतीत पुण्यकर्म मानतात. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, दिवे चालू ठेवून जा, म्हणजे घरात माणसं आहेत असं वाटेल. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, दिवे बंद ठेवा, दिवसाढवळ्या दिवे दिसले की घरात माणसं नाहीत हे कळतं. इस्त्रीवाल्याने दोरीवर कपडे वाळत ठेवून जायला सांगितलं. आईने विचारलं, "आणि तेच कपडे आठवडाभर दिसले तर?" त्यावर तो म्हणाला, "मग रोज कुणाला तरी बदलायला सांगा." एकाने रेडिओ चालू ठेवून जायचा उपाय काढला. तो मात्र सगळ्यांनी एकमुखाने फेटाळला, कारण रेडिओ म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे सूचनाकाका.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. हॉलच्या खाली फक्त गाड्या लावायची जागा आहे, त्यामुळे आग आणि बंब कितीही नाचले तरी खालून तक्रार येत नाही. ती शेजारून येते. शेजारी सूचनाकाका राहतात. ते इमारतीचे सेक्रेटरी, नोकरीतून निवृत्त, आणि जिन्यातल्या फळ्याचे अनभिषिक्त राजे. 'जिन्यात चेंडू आपटू नये.' 'दुपारी दार हळू लावावे.' 'कुकरच्या शिट्ट्या माफक असाव्यात.' एकदा त्यांनी 'मोठ्याने हसणाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात' अशी सूचना लावली होती, आणि ती वाचून हसल्याबद्दल मला पुन्हा तोंडी सूचना मिळाली होती.

पण आईच्या झाडांना पाणी कोण घालणार? किल्ली विश्वासाने द्यावी असं सगळ्या इमारतीत ते एकटेच. आईने किल्ली दिली. काकांनी ती हातात घेऊन, जरा जास्तच वेळ बघून, विचारलं, "म्हणजे आठवडाभर घरात कुणीच नसणार?"

बाबाच्या कपाळावरची शीर उडाली. घरात येऊन दार लावून (हळू) तो म्हणाला, "असं का विचारलं त्याने?"

"झाडांसाठी, अरे."

"झाडांसाठी 'किती पाणी घालू' असं विचारतात."

त्या संध्याकाळी बाबाने त्याचा जुना मोबाइल कपाटातून काढला. बंबने त्याला मागे एकदा पाण्याच्या तांब्यात बुडवून पाहिलेलं, त्यामुळे त्याचा पडदा कायमचा काळा झाला होता आणि आवाज बसला होता तो बसलाच. पण कॅमेरा चालत होता. "जुनं ते जुनं," असं म्हणत बाबाने काहीतरी जोडाजोड केली, मोबाइल हॉलमधल्या पुस्तकांच्या वरच्या फळीवर दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये उभा केला, आणि आता आमचा हॉल बाबाच्या नव्या मोबाइलवर कुठूनही दिसू लागला. मुका, पण दिसायला लागला. मी खरं सांगते, मलाही गंमत वाटली. गुन्हा झालेला नसताना पुरावा आधीच जमवायचा, ही कल्पना आमच्या घराण्याला शोभणारी होती. निघताना बाबाने चार्जरची वायर फळीपर्यंत ओढून पाहिली. ती पुरेना. तेवढ्यात आग जिन्यावरून घसरत गेला, बंब त्याच्यामागे गेली, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे.

तलाव फार सुंदर आहे म्हणतात. बाबाला तो दिसायला बरेच दिवस लागले.

अतिथीगृहात नेटवर्क नव्हतं. ते फक्त काठावर, लाइफगार्डच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशी मिळायचं. या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला आम्ही शिट्टीवाला म्हणायचो. रापलेला, रुंद खांद्यांचा, एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात भोंगा. त्याचा एक नियम होता. मुलाला तराफ्याकडे पोहायचं असेल, तर बरोबरच्या मोठ्या माणसाने पिवळा झेंडा धरून काठावर उभं राहायचं आणि नजर पाण्यावर ठेवायची. झेंडा खाली आला किंवा नजर हलली की शिट्टी, आणि मूल बाहेर. आई आग आणि बंबबरोबर उथळ पाण्यात अडकलेली असायची, म्हणजे त्यांना तिथे अडकवून ठेवावं लागायचं, त्यामुळे झेंडा बाबाकडेच येणार होता.

यायला हवा होता. पण झेंडा मिळायचा ऑफिसच्या खिडकीत. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलीला पोहता येतं असं लाइफगार्डकडून लिहून आणा." शिट्टीवाला म्हणाला, "पाण्यात उतरल्याशिवाय कसं लिहून देऊ?" मग उतरू का? "झेंड्याशिवाय कशी उतरशील?" मी पुन्हा खिडकीत. बाई म्हणाल्या, "मग त्यांना विचार." असं मी दोन टोकांमध्ये इतकी चालले की तेवढ्यात तराफा गाठून परत आले असते. शेवटी आई ओल्या कपड्यांनिशी खिडकीपाशी गेली आणि फक्त म्हणाली, "उभ्या राहा जरा." बाई खरंच उभ्या राहिल्या. झेंडा मिळाला.

आणि मी पाण्यात पाय घालणार, तोच बाबा ओरडला, "आला! आला!"

मोबाइलवर आमचा हॉल दिसत होता. सूचनाकाका हातात झारी घेऊन आत आले. गॅलरीत जाऊन त्यांनी पाणी घातलं. आई उथळ पाण्यातून धावत येऊन बघू लागली. "जास्वंदीला कमी घातलं," ती म्हणाली. पाणी घालून झालं. आता माणसाने जायचं ना? काकांनी जिन्याकडे कानोसा घेतला, दार आतून लावलं, आणि एकेक करून आमचे सगळे पडदे ओढले.

"पडदे!" बाबा म्हणाला.

"ऊन येत असेल," आई म्हणाली, पण तिचा आवाज परीक्षेच्या वर्गातला झाला होता.

"उन्हाची बाजू दुसरी आहे," मी म्हणाले. बाबाने माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. पोहण्यासाठी मिळावी अशी माझी इच्छा असलेली नजर ती, पण पडद्यांवर खर्च झाली.

एवढ्यात मोबाइलवर लाल खूण आली. जुन्याची बॅटरी संपत आली होती. "मर, आत्ताच मर!" असं बाबा मोबाइलला म्हणाला, आणि त्याच क्षणी काकांचा हात सरळ कॅमेऱ्यावर आला. पंजा मोठा होत गेला, अंधार झाला, चित्र गरागरा फिरलं. पुन्हा दिसू लागलं तेव्हा आम्ही जमिनीच्या पातळीवर होतो. सोफ्याचे पाय, टेबलाचे पाय, आणि काकांच्या सपाता.

"ओळखला," बाबा हळूच म्हणाला. "कॅमेरा ओळखला आणि खाली वळवला. बंद केला असता तर आपल्याला कळलं असतं. हा सराईत आहे."

बॅटरी मात्र त्यानंतर दणदणीत टिकली. "जुनं ते जुनं," बाबा म्हणाला. आम्ही तिघेही जन्माचे संशयी, पण त्या बॅटरीवर एकानेही संशय घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमची सुट्टी ही एक पाळत झाली. सकाळी फराळ, मग खुर्चीच्या पायथ्याशी बाबा, हातात कललेला पिवळा झेंडा, नजर मोबाइलवर. मी कमरेएवढ्या पाण्यात पोचायचे की वरून "फुर्रर्र!"

"पिवळा झेंडा, नजर पाण्यावर!" शिट्टीवाला माणसांना नावाने नाही, झेंड्याने हाक मारायचा.

"हो हो, पाण्यावरच आहे," बाबा मोबाइलकडे बघत म्हणायचा.

"मुलगी बाहेर!"

मी बाहेर. गुडघ्याएवढ्या पाण्यातून परत येताना सगळा काठ आपल्याकडे बघतोय असं वाटतं. काहीजण बघतही होते. एक माझ्याहून लहान मुलगी, निळ्या टोपीची, तिच्या आजीच्या कडक नजरेखाली रोज तराफ्यापर्यंत जाऊन यायची आणि जाताना माझ्या बाजूने पाणी उडवायची. मुद्दाम. माझा तसा संशय आहे.

इकडे घरात गोष्टी वाढत गेल्या. सपातांच्या जोडीला बुटांची एक जोडी आली. मग टोकदार टाचांची एक. मग एक प्रचंड चप्पल, जिच्यातला माणूस किमान दाराएवढा असणार. या पायांबरोबर एक लांब काळी पेटी आली आणि जमिनीवर ठेवली गेली.

"हत्यारं," बाबा म्हणाला.

"मोजपट्टी," आई म्हणाली. "आपल्या गॅलरीच्या जाळीवर त्यांचा पहिल्यापासून डोळा आहे. मोजून तक्रार करणार."

मग आमच्या गाद्या चालत गेल्या. म्हणजे गाद्यांची खालची कड आणि तिच्यामागे धापा टाकणारे पाय दिसले. गाद्या भिंतींना टेकवल्या गेल्या. "गादीच्या आत शोधतायत," बाबा म्हणाला. मग सोफ्यावर आणि खुर्च्यांवर चार माणसं बसली, आणि त्यांचे पाय फरशीवर आपटू लागले. टक, टक, टक. आवाज नव्हता, पण दिसत होतं. बाबाने डोळे बारीक केले. विम्यातला सगळा अनुभव त्या डोळ्यांत गोळा झाला.

"फरशी पोकळ आहे का बघतायत," तो म्हणाला. "खाली काही पुरलंय असं वाटतंय त्यांना."

"खाली गाड्या आहेत, बाबा."

"ते तुला माहीत आहे."

आईने काकूंना फोन लावला, सहज चौकशी केल्यासारखा. काकू म्हणाल्या, "अगं, हे रोज तासन्‌तास तुमच्याकडेच असतात. म्हणतात, झाडांशी बोलावं लागतं, नाहीतर ती रुसतात." आईने फोन ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता. घरफोडी तिने एक वेळ सहन केली असती. पण तिच्या झाडांशी परका माणूस बोलतो!

हे सगळं आम्ही दबक्या आवाजात बोलायचो, त्याचा वेगळाच परिणाम झाला. अतिथीगृहात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईंनी काठावर बाबाला मोबाइलमध्ये बघत पुटपुटताना ऐकलं. "आत शिरला. दार लावून घेतलंन. आता बघू बाहेर कधी पडतात." त्या दिवसापासून त्या आंघोळीला जातानाही खोलीला कुलूप लावू लागल्या. ऑफिसच्या खिडकीतल्या बाईंनी आईला विचारलं, "साहेब नक्की काय काम करतात?" आई म्हणाली, "लोकांच्या घरातून काय काय गेलं ते बघतात." आईला हे उत्तर सरळ वाटलं. त्यानंतर आमच्या टेबलावरचे चमचे मोजून परत नेले जायला लागले. आमच्यावर! ज्यांच्या तीन पिढ्यांनी दुसऱ्यांवर संशय घेण्यात आयुष्य घालवलं, त्यांच्यावर! मी इतकी दुखावले की एक दिवस चमचा वापरलाच नाही.

मग पायांच्या मधून आमचा टीपॉय उचलला गेला आणि चित्राबाहेर गेला. तो परत आला नाही.

"बस," बाबा म्हणाला. "उद्या सकाळी निघायचं. रंगेहाथ पकडतो."

"आणि तराफा?" मी विचारलं.

"अगं, तराफा कुठे पळून जातोय!"

मी एक वर्षापूर्वीची असते तर इथे मान खाली घालून बॅग भरली असती. पण आता माझा कठडा सुटला होता. मी म्हणाले, "बाबा, मी पोहू शकते हे या घरात फक्त मला माहीत आहे. तुला चार परक्या माणसांचे पाय पाठ झालेत. माझे पाय पाण्यात कसे चालतात ते तू एकदाही बघितलं नाहीस. उद्या गाडी यायच्या आधी मी पाण्यात उतरणार. तू झेंडा धरणार. नाहीतर मी इथेच राहणार, खिडकीतल्या बाईंकडे. त्यांना संशयी माणसं चालतात, असं दिसतंय."

आई म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे." आईचं हे वाक्य म्हणजे पैकीच्या पैकी गुण.

सकाळी बॅगा काठावर आणून ठेवल्या. स्टेशनवर नेणारी गाडी यायची होती. मी पाण्यात उतरले. बाबाने झेंडा उंच धरला, आणि दुसऱ्या हातातला मोबाइल झेंड्याच्या काठीला चिकटवून धरला, म्हणजे लांबून दोन्ही एकच वाटावं. दावे तपासणाऱ्या माणसाने अशी लबाडी करावी!

"फुर्रर्र! पिवळा झेंडा, काठीला काय लावलंय?"

मी बाहेर. पुन्हा आत. पुन्हा "फुर्रर्र!" तिसऱ्यांदा मी इतकी चिडले होते की सरळ सूर मारला आणि मोजत हात मारायला लागले. शिक्षिकांनी शिकवलंय तसं. एक, दोन, तीन, श्वास. एक, दोन, तीन, श्वास. पाय आपोआप तालात चालतात. एक, दोन, तीन...

आणि अर्ध्या वाटेवर मी पाण्यातल्या पाण्यात थांबले. कारण मला ते पाय दिसले. सपाता, बूट, टाचा, ती प्रचंड चप्पल. फरशी तपासणारा माणूस इथे ठोकतो, तिथे ठोकतो. हे पाय जागचे हलत नव्हते. चारही एकदम पडत होते. एक, दोन, तीन आणि मध्ये थांबा. जसा मी श्वासाला थांबते.

"बाबा!" मी ओरडले. "ते ताल धरतायत!"

"काय?" बाबा कानाला हात लावून ओरडला. झेंडा खाली आला.

"फुर्रर्र! झेंडा वर!" आणि मग शिट्टीवाल्याने भोंगा तोंडाला लावला. तो मुळात सेवाभावी माणूस. "पिवळा झेंडा, मुलगी म्हणते, ते ताल धरतायत!"

सगळा काठ वळला. शेजारच्या खोलीतल्या बाई छत्रीखालून उठून बसल्या.

"कोण?" बाबा ओरडला.

"बाबा विचारतायत, कोण?" भोंगा माझ्याकडे वळला.

"चोर!" मी ओरडले.

"चोर ताल धरतायत!" भोंग्याने सगळ्या तलावाला कळवलं.

"त्या काळ्या पेटीत वाद्य आहे! गाद्या भिंतींना लावल्या आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! पडदे, लावलेलं दार, सगळं त्यासाठीच! ते आपल्या घरात वाजवतायत!"

भोंग्याने हेही इमानदारीने पोचवलं, फक्त 'आपल्या घरात'चं 'तुमच्या घरात' केलं. उथळ पाण्यातून आई ओरडली, "अहो, खरंच की! त्यांच्याच फळ्यावरच्या सूचना आहेत ना, स्वतःच्या घरात कसे वाजवतील!" आई बाबाला अहो म्हणाली यावरून ती किती हादरली होती ते कळेल.

"मोबाइलवर बघून खात्री करतो!" बाबा म्हणाला. "पाय एकदम पडतायत का ते..."

"फुर्रर्र!" शिट्टीवाला खुर्चीत उभा राहिला. आता त्याने भोंगाही लावला नाही. "साहेब, मोबाइल बघायचा तर मुलगी बाहेर. मुलगी पाण्यात हवी तर मोबाइल बंद. तुमच्या घरात कोण काय वाजवतंय त्याच्याशी मला देणंघेणं नाही. एक काय ते ठरवा."

मी तिथे पाय मारत तरंगत राहिले. काठ लांब होता, तराफाही तेवढाच लांब. बाबा एकदा मोबाइलकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. या सुट्टीत मला कधी भीती वाटली नव्हती, तिथे वाटली. पाण्याची नाही. तो काय ठरवेल याची.

बाबाने मोबाइल खिशात ठेवला असता तर मी त्याच्यावर संशय घेतला असता. त्याने तसं केलं नाही. तो वाकला, आणि मोबाइल आगच्या हातात दिला. बंब शेजारीच होती, बादली घेऊन. आमच्या घरात या कृतीचा अर्थ काय होतो ते मी वर सांगितलंच आहे. मग त्याने दोन्ही हातांनी पिवळा झेंडा सरळ उभा धरला.

मी निघाले. एक, दोन, तीन, श्वास. प्रत्येक श्वासाला मान वळली की तिकडे झेंडा दिसायचा. पिवळा, ताठ, जागच्या जागी. शिट्टी वाजली नाही. मधे पाणी गार झालं, मग हात जड झाले, मग निळी टोपी समोरून आली, आणि या वेळी पाणी मी उडवलं. चुकून. मग बोटांना ओलं लाकूड लागलं.

तराफ्यावर चढून मी वळून पाहिलं. बाबा इवलासा दिसत होता, पण त्याची नजर मला तिथूनही ओळखू आली. डोळे बारीक, मान किंचित पुढे, काही म्हणजे काही सुटू द्यायचं नाही अशी. जळलेल्या गोदामांकडे बघतो ना, अगदी तशी. मला ती नजर आयुष्यात पहिल्यांदा फार आवडली.

त्याने शिट्टीवाल्याला काहीतरी सांगितलं. भोंगा वर झाला.

"पिवळा झेंडा म्हणतोय, दावा मंजूर!"

गाडी आली आणि रिकामी परत गेली. मोबाइल बादलीच्या तळाशी होता. "बुडतो," आगने जाहीर केलं. उरलेल्या सुट्टीत बाबाने प्रथमच तलाव पाहिला आणि म्हणाला, "हे इतकं निळं कसं? काहीतरी मिसळत असतील."

घरी पोचलो तेव्हा टीपॉय जागेवर होता. गाद्या जागेवर होत्या, चादरी आमच्यापेक्षा नीट घातलेल्या. झाडं अशी तरारली होती की आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. किल्ली द्यायला सूचनाकाका आले, चेहरा नेहमीसारखा फळ्यासारखा.

"एक सूचना आहे," ते म्हणाले. "पुस्तकांच्या फळीवर तुमचा मोबाइल राहिला होता. लाल दिवा लुकलुकत होता बिचाऱ्याचा. वायर वरपर्यंत पुरत नव्हती, म्हणून खाली ठेवून चार्जिंगला लावला. रोज लावत होतो. वस्तू अशा टाकून जाऊ नयेत."

आम्ही ज्याच्यावर पाळत ठेवली होती, तो रोज न चुकता आमच्या पाळतीला वीज पुरवत होता.

"आभारी आहे," बाबा शेवटी म्हणाला.

काका दारात घुटमळले. "पुन्हा कधी जाणार तुम्ही बाहेर?"

"का?" बाबाच्या तोंडून सवयीने गेलं.

"झाडांसाठी विचारतोय." काकांचे कान लाल झाले.

आईने बाबाकडे पाहिलं, बाबाने माझ्याकडे. "रविवारी जाणार आहोत की," मी म्हणाले. "सगळेच. दिवसभर."

रविवारी आम्ही बॅगा घेऊन, काकांना किल्ली देऊन, जिना उतरून खाली आलो आणि आमच्याच गाडीत बसलो. बरोबर आमच्या हॉलच्या खाली. आग आणि बंबला खाऊ दिला, काचा उघड्या ठेवल्या. थोड्या वेळाने सपाता वर गेल्या, बूट गेले, टाचा गेल्या, ती प्रचंड चप्पल गेली. भिंतींना गाद्या असतील, पण फरशीला काहीच नव्हतं. आधी टक, टक, टक. मग सुरू झालं.

ते काय होतं ते मी सांगू शकत नाही. एक म्हैस, एक बिजागरी, आणि त्यांच्यात समेट घडवून आणायला निघालेला एक भोंगा. बंबने दोन्ही कान धरले. आग तर चक्क गप्प बसला. मात्र ताल पक्का होता. तेवढा माझा तपास अचूक.

बाबाने बराच वेळ ऐकलं. "चोर असते तर बरं झालं असतं," तो म्हणाला.

वर कुठेतरी खिडकी धाडकन बंद झाली. इस्त्रीवाला इस्त्री सोडून रस्त्यावर येऊन उभा राहिला.

"हे काही खरं नाही," आई म्हणाली. "जिन्यात एक कडक सूचना लावायला हवी."

"हो," बाबा म्हणाला. "पण लावणार कोण?"